कोहा : लेविनच्या ग्रंथालयातून निघालेली प्रणाली आणि तिच्या नावाचा वाद

कोहा ही ग्रंथालयाचे काम सांभाळणारी संगणकप्रणाली न्यूझीलंडमधील लेविन या गावात जन्मली. मुक्तस्रोत परवान्याखाली खुली झालेली ही जगातील पहिली एकात्मिक ग्रंथालयप्रणाली मानली जाते. एका सार्वजनिक ग्रंथालयाने ती पैसे मोजून करून घेतली, नंतर व्यापारी कंपन्यांनी तिचा जगभर प्रसार केला, आणि दहा वर्षे पुरी होण्याआधीच ती नेमकी कोणाची, यावरून विक्रेता आणि वापरकर्ते समोरासमोर उभे राहिले. होरोफेनुआ ग्रंथालय न्यासाचा इतिहास या वादापासून वेगळा काढता येत नाही. हा वाद झाला नसता, तर या लहानशा न्यासाचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कोणी घेतले नसते.

होरोफेनुआ हा न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा जिल्हा. भाजीपाल्याचे मळे आणि दुभती गुरे यांवर जगणारा, त्या काळी वस्ती तीस हजारांच्या आसपास. लेविन हे त्याचे मुख्य गाव वेलिंग्टनच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर आहे. लेविन, फॉक्स्टन आणि शॅनन येथील ग्रंथालये जिल्हा परिषदेसाठी चालवण्याचे काम होरोफेनुआ ग्रंथालय न्यासाकडे होते. रोझली ब्लेक या ग्रंथालयप्रमुख होत्या. जोअ‍ॅन रॅन्सम त्यांच्या सहकारी होत्या आणि पुढे त्यांच्या जागी आल्या.

१९९९ मध्ये या ग्रंथालयांसमोर जी अडचण आली, ती त्या वर्षी जगातल्या असंख्य कार्यालयांसमोर होती. देवघेवीची जुनी प्रणाली वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ओळखणारी होती. १ जानेवारी २००० उजाडताच पुस्तक परतीच्या तारखा आणि विलंब शुल्क यांचा हिशेब कोसळणार होता. बाजारातील तयार प्रणालींची दरपत्रके मागवली गेली, पण त्या न्यासाच्या आवाक्याबाहेरच्या होत्या आणि गरजेपेक्षा मोठ्याही. शिवाय एक छुपा खर्च होता. बहुतेक प्रणालींना शाखा आणि मुख्य ग्रंथालय यांच्यात कायमची भाड्याची दूरसंचार वाहिनी लागे, आणि छोट्या शाखेसाठी ते भाडे दरमहा भरणे न्यासाला झेपणारे नव्हते.

वेलिंग्टनच्या काटिपो कम्युनिकेशन्स या वेबसाइट बनवणाऱ्या छोट्या कंपनीने वेगळा प्रस्ताव ठेवला. साध्या टेलिफोन तारेवर मोडेम लावून चालेल इतकी हलकी प्रणाली नव्याने लिहायची, ती लिनक्स, पर्ल आणि मायएसक्यूएल या फुकट मिळणाऱ्या साधनांवर उभी करायची, आणि वाचकांची तालिका ब्राउझरमध्ये दाखवायची. देवघेवीचा पडदा मात्र अक्षरांचाच ठेवला गेला. त्यात चित्रे नव्हती, माउस नव्हता, सगळे काम कळफलकावर. आज तो पडदा ओबडधोबड वाटेल; पण मंद तारेवर वाचकांची रांग अडू नये यासाठी तो योग्यच होता. काटिपोतर्फे रेचल हॅमिल्टन-विल्यम्स यांनी काम उभे केले आणि ख्रिस कॉरमॅक हे मुख्य प्रोग्रॅमर होते. सप्टेंबरच्या सुमारास सुरू झालेले हे काम वर्षअखेरपर्यंत पुरे करायचे होते. ३ जानेवारी २००० रोजी लेविनमध्ये नव्या प्रणालीवर देवघेव सुरू झाली.

या पहिल्या कोहाला ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत फारसे गुण मिळाले नसते. ग्रंथनोंदींसाठी जगभर मान्य असलेला मार्क हा नमुना तिच्यात नव्हता. पुस्तक, त्याची आवृत्ती आणि कपाटातली प्रत अशा तीन पायऱ्यांची साधी सारणी होती. याउलट ग्रंथखरेदीचा भाग पहिल्यापासून बारकाईने केलेला होता, कारण अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली किती शिल्लक आहे हे लेविनच्या कर्मचाऱ्यांना रोज लागत असे. ज्यांना प्रणाली वापरायची होती त्यांनीच ती सांगून करून घेतली होती, आणि ते तिच्या रचनेत दिसत होते.

प्रणाली तयार झाल्यावर तिचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उरला. न्यासाला सॉफ्टवेअर विकण्याच्या धंद्यात पडायचे नव्हते. काटिपोलाही एकाच गिऱ्हाइकासाठी लिहिलेली प्रणाली जन्मभर एकटीने सांभाळण्याची हौस नव्हती. न्यासाची खरी काळजी वेगळीच होती. उद्या काटिपो बंद पडली, तर दुरुस्ती कोण करणार? यावर तोडगा म्हणून प्रणाली जीपीएल या परवान्याखाली खुली करण्यात आली. सोर्स कोड कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा. फक्त बदललेली प्रत दुसऱ्याला देताना तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा. म्हणजे निर्णयामागे परोपकारापेक्षा व्यवहारी शहाणपण जास्त होते. नाव मात्र माओरी भाषेतून घेतले. कोहा म्हणजे पाहुण्याने यजमानाकडे न्यावी अशी, परतफेडीचे भान गृहीत धरणारी भेट. माओरी रिवाजात हा शब्द नित्याचा आहे आणि न्यूझीलंडच्या इंग्रजीतही तो रुळलेला आहे. पुढच्या वादात हे महत्त्वाचे ठरले.

२००० सालीच न्यूझीलंडच्या ग्रंथालय संघटनेचा नवोपक्रमाचा पुरस्कार कोहाला मिळाला आणि बाहेरच्या देशांतून विचारणा होऊ लागली. फ्रान्समध्ये मार्सेयचे पॉल पुलँ यांनी मार्क नमुन्याचा आधार जोडण्याचे किचकट काम अंगावर घेतले. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नेल्सनव्हिल सार्वजनिक ग्रंथालयाने त्यासाठी पैसा दिला, आणि ते अमेरिकेतले कोहा वापरणारे पहिले सार्वजनिक ग्रंथालय झाले. मार्कसह कोहा २.० ही आवृत्ती २००४ मध्ये आली. प्रकल्पाची देखरेख करणाऱ्या व्यक्तीला कैतिआकी, म्हणजे राखणदार, हे माओरी नाव मिळाले. तोवर कोहाचे वापरकर्ते आणि कारागीर यांच्यात फरक असा नव्हताच. ज्या ग्रंथालयाला एखादी सोय हवी असे, ते पैसे देऊन ती करून घेई आणि ती सर्वांना मिळे.

विक्रेता आला तो या टप्प्यावर. नेल्सनव्हिलमध्ये काम केलेल्या जोशुआ फेरारो यांनी २००५ मध्ये लिबलाइम ही कंपनी काढली. कोहा फुकट असली तरी ती बसवणे, जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे आणि रात्रीबेरात्री सर्व्हर बंद पडला तर तो उठवणे, हे काम पैशाशिवाय होत नाही. लिबलाइमने ते काम नीट केले. तिच्या हाती कोहा आली तो काळही अनुकूल होता. सिरसी आणि डायनिक्स या दोन मोठ्या कंपन्या २००५ मध्ये एक झाल्या आणि २००७ मध्ये नव्या मालकीखाली त्यांनी होरायझन या प्रणालीची पुढची आवृत्ती गुंडाळली. ज्या ग्रंथालयांनी तिची वाट पाहत वर्षे काढली होती, ती चिडली. विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून न राहण्याचा मार्ग म्हणून त्यांतली काही कोहाकडे वळली.

त्याच वर्षी काटिपोने आपला कोहाचा विभाग लिबलाइमला विकला. कॉरमॅक काही काळ लिबलाइमच्या नोकरीत गेले. व्यवहारात कोहा.ऑर्ग हे संकेतस्थळाचे नावही लिबलाइमच्या ताब्यात आले. अमेरिकेत कोहा या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही तिने केली. यावर तेव्हा कोणी आक्षेप घेतला नाही, आणि त्यात आश्चर्यही नाही. कंपनी प्रकल्पाची सर्वांत मोठी कार्यकर्ती होती. २००८ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीचा मोठा वाटा तिच्याच प्रोग्रॅमरांचा होता. नाव आणि पत्ता कोणाकडे तरी हवाच, तर तो कामाच्या माणसाकडे असावा, असा साधा हिशेब होता. पण परवान्याने राखला जात होता तो फक्त सोर्स कोड. नाव, संकेतस्थळ, सर्व्हर आणि त्यांच्या चाव्या परवान्याच्या कक्षेबाहेर होत्या, आणि पुढचा सगळा तंटा याच गोष्टींवरून झाला.

विक्रेता आणि त्याच्या ग्राहकांची स्वतंत्र संघटना यांच्यातील ओढाताण संगणकाच्या धंद्याइतकीच जुनी आहे. १९५५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील विमाने बनवणाऱ्या कंपन्यांच्या संगणक विभागांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी शेअर नावाची संघटना काढली. एकमेकांचे प्रोग्रॅम वाटून घ्यावेत, तेच काम पुन्हा पुन्हा करू नये, हा तिचा हेतू. आयबीएमने तिच्याशी जुळवून घेतले, कारण शेअरच्या सूचनांतून यंत्रे सुधारत आणि खपतही. १९८३ मध्ये मात्र कंपनीने यापुढे सोर्स कोड न देता केवळ यंत्राला कळणारा कोड देण्याचे धोरण जाहीर केले. शेअरने कडाडून विरोध केला, तरी कंपनी मागे हटली नाही. शेअरच्या सभासदांकडे तक्रारीखेरीज दुसरे हत्यार नव्हते. कोहाच्या वापरकर्त्यांकडे ते होते. सोर्स कोडाची पूर्ण प्रत प्रत्येकाच्या हाती होती.

सप्टेंबर २००९ मध्ये लिबलाइमने आपल्या ग्राहकांसाठी लिबलाइम एंटरप्राइझ कोहा या नावाची वेगळी आवृत्ती जाहीर केली. तिच्यातील सुधारणा आधी लिबलाइमच्या ग्राहकांना मिळणार आणि बाहेर त्या कंपनी ठरवील तेव्हा येणार होत्या. प्रकल्पात आजवर काम उघड्यावर होत असे. कोडाची ओळ लिहिली की ती त्याच दिवशी इतरांना दिसे, चूक असली तर कोणीतरी पकडे. आता बाहेरच्या लोकांना ती दिसणार नव्हती.

हे परवान्याच्या विरुद्ध होते का? कागदावर नव्हते, आणि यातच मेख होती. जीपीएलची अट लागू होते ती प्रणालीची प्रत दुसऱ्याला दिल्यावर. प्रत कंपनीच्याच सर्व्हरवर राहिली आणि ग्रंथालयाने तिचा इंटरनेटवरून नुसता वापर केला, तर कायद्याच्या भाषेत प्रत दिली असे होत नाही. साहजिकच सोर्स कोड देण्याचे बंधनही येत नाही. जीपीएल १९८९ मध्ये लिहिली गेली तेव्हा दूरच्या सर्व्हरवरून भाड्याने प्रणाली वापरण्याची पद्धत रूढ नव्हती. ही फट बुजवणारा अफेरो जीपीएल नावाचा परवाना २००७ पर्यंत उपलब्ध झाला होता. कोहाचा सोर्स कोड मात्र जुन्या अटींखालीच होता. कंपनीचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नव्हते. पैसे देणारे ग्राहक स्थिर आणि तपासलेली प्रणाली मागत होते, आणि चर्चा करत बसणाऱ्या जगभरच्या जमावाच्या वेळापत्रकावर ग्राहकाला दिलेली तारीख पाळता येत नाही. पण सोय आणि नाव दोन्ही आपल्याकडे ठेवून बाकीच्यांनी फक्त वाट पाहावी, ही व्यवस्था वापरकर्त्यांना मान्य होण्याजोगी नव्हती.

त्यांनी दोन मागण्या केल्या. संकेतस्थळाचे नाव आणि व्यापारचिन्ह एखाद्या ना-नफा संस्थेकडे सोपवावे आणि प्रकल्पाच्या सर्व्हरवर सर्वांचे नियंत्रण असावे. त्यासाठी नवी संस्था काढायची की असलेली निवडायची, यावर खूप खल झाला. नवी संस्था म्हणजे घटना, नोंदणी, बँक खाते आणि हिशेबतपासनीस. एवढ्यात एक वर्ष जाते. अखेर २००९ च्या उत्तरार्धात सर्वांचे मत पडले ते होरोफेनुआ ग्रंथालय न्यासावर. न्यास नोंदणीकृत होता, ना-नफा होता, प्रणालीचा पहिला मालक होता, आणि तिच्यातून पैसा कमावण्याचा त्याचा इरादा कधीच नव्हता. एका जिल्ह्याच्या ग्रंथालयांनी जगभरच्या प्रकल्पाची मालमत्ता राखावी, ही व्यवस्था कागदावर विचित्र दिसते. प्रत्यक्षात ती टिकली.

लिबलाइमकडून नाव काही आले नाही. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतील मेरिलँडची पीटीएफएस ही कंपनी लिबलाइम विकत घेणार असल्याचे जाहीर झाले. व्यवहार मध्येच फिसकटल्याची बातमी आली आणि मार्चमध्ये तो पुरा झाला. या काळात वापरकर्ते थांबले नाहीत. त्यांनी कोहा-कम्युनिटी.ऑर्ग हे नवे संकेतस्थळ उभे केले. सोर्स कोडाचे भांडार, चुकांची नोंदवही, माहितीपुस्तिका, भाषांतराची यंत्रणा असे एकेक सामान नव्या जागी हलवले गेले. घर बदलताना जसे होते तसे काही दिवस कोणाला काय कुठे आहे ते सापडेना. पण सोर्स कोडाच्या पूर्ण प्रती सगळ्यांच्या संगणकांवर असल्याने काम अडले नाही. मूळ जागेवर उरली ती पाटी.

नवे विक्रेतेही उभे राहिले, हे या कथेत महत्त्वाचे आहे. अमेरिकेत बायवॉटर सोल्युशन्स, फ्रान्समध्ये पुलँ यांची बिबलीब्र आणि वेलिंग्टनमध्ये कॅटलिस्ट आयटी. कॉरमॅक पुढे कॅटलिस्टमध्ये गेले. म्हणजे वापरकर्त्यांचे भांडण विक्रेत्यांशी नव्हते, एका विक्रेत्याच्या मक्तेदारीशी होते. एकाच प्रणालीवर चार कंपन्या पोट भरतात तेव्हा त्यांना एकमेकींच्या कामाची गरज लागते, आणि कोणा एकीने दार लावून घेतले तर तोटा तिचाच होतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये कोहाच्या दशकपूर्तीनिमित्त जागतिक परिषद वेलिंग्टनला भरली. परिषदेच्या तोंडावरच ३.२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. दोन वर्षे रखडलेल्या प्रकल्पाला या आवृत्तीने पुन्हा वेग आला. त्यानंतर एक शिस्त ठरली. आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघणारच. जे तयार असेल ते तिच्यात जाईल, जे राहील ते पुढच्या खेपेला. एप्रिल २०११ ची ३.४ ही आवृत्ती कॉरमॅक यांच्या देखरेखीखाली त्या शिस्तीने निघाली. कोणत्या ग्राहकाने किती पैसे दिले यावर आवृत्तीची तारीख अवलंबून राहिली नाही. वापरकर्त्यांच्या संघटनेने विक्रेत्याच्या वेळापत्रकातून सुटका करून घेतली ती या साध्या नियमाने.

पुढची परिषद महाराष्ट्रात झाली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०११ च्या सांध्यावर ठाण्याला, विद्या प्रसारक मंडळाच्या आवारात. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या शिक्षणसंस्थेत न्यूझीलंड, फ्रान्स, अमेरिका येथून आलेले प्रोग्रॅमर आणि भारतातील ग्रंथपाल एकत्र बसले. भारतातील ग्रंथालयांना विक्रेत्यावर अवलंबून राहण्याचा अनुभव नवा नव्हता. गुरुग्रामची लिबसिस, पुण्याच्या अल्गोरिदम्सची स्लिम २१ यांसारख्या व्यापारी प्रणाली, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सोल, राष्ट्रीय सूचना केंद्राची ई-ग्रंथालय अशा प्रणाली महाविद्यालयांत रुळल्या होत्या. दरवर्षी वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण, आणि प्रणाली बदलायची म्हटले की दाखल नोंदवहीपासून सगळ्या नोंदी दुसऱ्या नमुन्यात नेण्याची डोकेदुखी, हे महाराष्ट्रातल्या ग्रंथपालांच्या परिचयाचे होते. कोहात ही डोकेदुखी नाहीशी होत नाही, पण नोंदी ग्रंथालयाच्याच हाती राहतात आणि देखभाल करणारा बदलता येतो.

ठाण्याची परिषद संपून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच लेविनहून मदतीचे आवाहन आले. न्यूझीलंडमध्ये कोहा हे नाव संगणकप्रणालीसाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा पीटीएफएस-लिबलाइमचा अर्ज तेथील बौद्धिक संपदा कार्यालयाने प्राथमिक पातळीवर स्वीकारला होता. न्यूझीलंडच्या पद्धतीनुसार अर्ज स्वीकारला की तो जाहीर होतो आणि हरकत घ्यायला तीन महिने मिळतात. त्या मुदतीत कोणी पुढे आले नाही, तर नोंदणी होते. म्हणजे ज्या गावात प्रणाली जन्मली, तिथल्याच ग्रंथालयाला ती त्या नावाने ओळखण्यासाठी परक्या कंपनीच्या परवानगीची गरज पडण्याची वेळ आली होती.

न्यासाने आपली अडचण लपवली नाही. सार्वजनिक ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात वकिलांच्या शुल्काचे शीर्ष नसते. पुस्तकखरेदीचा पैसा खटल्यात घालणे विश्वस्तांना पटण्यासारखे नव्हते. जोअ‍ॅन रॅन्सम यांनी जगभरच्या वापरकर्त्यांकडे वर्गणी मागितली. छोट्या छोट्या देणग्या आल्या, वकिलांनी विनामूल्य मदत देऊ केली आणि कॅटलिस्ट आयटी न्यासाच्या बरोबरीने हरकतदार म्हणून उभी राहिली. न्यूझीलंडच्या जनतेत उमटलेला राग प्रणालीपुरता नव्हता. माओरी रिवाजातला रोजचा शब्द एका अमेरिकी कंपनीच्या मालकीचा व्हावा, हे लोकांना खटकले. न्यूझीलंडच्या २००२ च्या व्यापारचिन्ह कायद्यात माओरी समाजाला दुखावणाऱ्या चिन्हांना अटकाव करण्याची तरतूद आहे आणि अशा अर्जांवर सल्ला देणारी माओरी समितीही आहे. पण हा प्रश्न भावनेवर सुटणारा नव्हता. हरकतदारांना दाखवायचे होते ते असे की, प्रणालीच्या बाजारात कोहा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर एक कंपनी येत नाही, जगभरच्या वापरकर्त्यांचा प्रकल्प येतो. एका कंपनीने ते नाव लावले तर गिऱ्हाईक फसेल.

पीटीएफएसचे म्हणणे होते की हा अर्ज लिबलाइमच्या मालमत्तेबरोबर तिच्याकडे आला आहे आणि नाव एखाद्या ना-नफा कोहा संस्थेला देण्यास ती तयार आहे. वापरकर्त्यांचे उत्तर सरळ होते. अशी संस्था आहे, ती त्यांनीच निवडली आहे आणि ती लेविनमध्ये आहे. तडजोड झाली नाही. प्रकरण दोन वर्षे चालले. डिसेंबर २०१३ मध्ये व्यापारचिन्ह सहायक आयुक्त जेन ग्लोव्हर यांनी न्यास आणि कॅटलिस्ट यांच्या बाजूने निर्णय दिला आणि कंपनीची नोंदणी नाकारली.

या निर्णयाचा आवाका न्यूझीलंडपुरताच होता. व्यापारचिन्हाचा कायदा देशागणिक वेगळा असतो आणि अमेरिकेतली आधीची नोंदणी या निर्णयाने हलणार नव्हती. तिथे लिबलाइम कोहा आणि सर्वांची कोहा अशी दोन नावे शेजारी शेजारी राहिली. नव्या ग्रंथपालाला सुरुवातीला दोन्हींतला फरक समजावून सांगावा लागे. दोन्ही शाखांचा सोर्स कोड काळाबरोबर एकमेकांपासून दूर गेला. एकीकडून दुसरीकडे जायचे, तर ग्रंथालयाला जवळजवळ नवी प्रणाली बसवण्याएवढे काम करावे लागे. मूळ तक्रार हीच होती, म्हणून अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या दृष्टीने न्यूझीलंडचा विजय अर्धाच म्हणावा लागतो.

वापरकर्त्यांच्या संघटनांचे स्वरूपही या काळात बदलले. २००९ पूर्वी वेगळी संघटना असण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. वादानंतर फ्रान्समध्ये कोहाला, अमेरिकेत आधी कुडोस आणि पुढे कोहा-यूएस अशा संघटना दिसू लागल्या. विक्रेत्याचा प्रतिनिधी त्यांच्या बैठकीला येतो, पण बैठक त्याची नसते. जागतिक परिषद दरवर्षी वेगळ्या देशात भरू लागली. एडिंबरा, रेनो, अर्जेंटिनातले कोर्दोबा, नायजेरियातले इबादान, थेस्सालोनिकी, मनिला. २०१६ च्या मे महिन्यापासून आवृत्तीला वर्ष आणि महिन्याचा क्रमांक देण्यात येऊ लागला. १६.०५ ही त्या रीतीची पहिली आवृत्ती, आणि तेव्हापासून दर मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती निघते.

लेविनमध्येही बदल झाले. २०१२ मध्ये गावातल्या जुन्या सुपरमार्केटच्या इमारतीत ते ताकेरे हे नवे ग्रंथालय आणि समाजकेंद्र उघडले. न्यासाचे नाव ते होरोफेनुआ ट्रस्ट असे झाले. पुढे जिल्हा परिषदेने ग्रंथालयांचा कारभार आपल्या थेट अखत्यारीत घेतला.

कोहाचा हा सगळा प्रवास वापरकर्त्याला प्रणालीतच वाचता येतो. कर्मचाऱ्यांच्या बाजूने प्रवेश करून कोहाविषयी माहितीचे पान उघडले की परवाने आणि चमूतील नावांबरोबर कालक्रमाचा एक भाग दिसतो. त्यात ३ जानेवारी २००० ची लेविनची नोंद आहे. सोर्स कोडाच्या जुन्या फायलींत माथ्यावर २००० ते २००२ या वर्षांसाठी काटिपो कम्युनिकेशन्सचा स्वामित्वहक्क लिहिलेला आढळतो. काही फायलींत त्याखाली लिबलाइमचे नाव आहे, आणखी खाली बिबलीब्र, कॅटलिस्ट, बायवॉटर. वादात एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या कंपन्यांची नावे तिथे एकाखाली एक आहेत, कारण जीपीएलच्या अटीनुसार आधीच्या कोणाचेही नाव पुसता येत नाही.